राहून गेलेला हसण्याचा शॉट

मुरलीधरनचा हार घातलेला फोटो मी आजवर इतक्या वेळा बघितला होता, की तो खरोखर गेल्याची बातमी फोटोतूनच आली तेव्हा माझी फसगत झाली. सकाळची वेळ. लंडनच्या वेम्बलीत भाजीच्या होलसेलवाल्याशी माझी हुज्जत चालली होती. त्याने पेटीत वर कोवळी भेंडी आणि खाली जून भेंडी भरली होती आणि मी पेटी उलटी करून त्याला ते दाखवत होते. तेवढ्यात फोन वाजला. रीडिंग गावातल्या एका जुन्या शूटिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप, नाव 'रीडिंग शेड्यूल'. चार वर्षांत त्यावर सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे काही आलं नव्हतं, पण मी त्यातून बाहेर पडले नव्हते. फोटो बघून मी मनात म्हटलं, पुन्हा मारला वाटतं बिचाऱ्याला कुठल्यातरी मालिकेत. आणि भेंडीकडे वळले. पेटी बदलून घेतली, व्हॅनमध्ये ठेवली, मग दुसरा मेसेज वाचला. त्यात अंत्यसंस्काराची वेळ होती आणि रीडिंगच्या स्मशानगृहाचा पत्ता होता. मालिकेतल्या मरणाला पत्ता नसतो. किल्ली हातात धरून मी बराच वेळ तशीच बसून राहिले... मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा त्याच्यावर ओरडले, आणि मग निघाले.

मुरली कोण, हे मराठी वाचकांना सांगावं लागेल, आणि खरं तर तमिळ-मल्याळी प्रेक्षकांनाही सांगावंच लागेल. चेहरा दाखवला तर 'अरे, हा तर तो' म्हणतील, नाव कोणाला येणार नाही. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या पालघाटचा माणूस. तिकडे घरात मल्याळम आणि बाजारात तमिळ, त्यामुळे तरुणपणी चेन्नईला कोडंबाक्कममध्ये, सिनेमा स्टुडिओंच्या वस्तीत, गेला तेव्हा दोन्ही भाषांतली कामं त्याला मिळत. कामं म्हणजे मरण्याची. नायकाचा बाप, नायिकेचा मामा, गावातला प्रामाणिक मास्तर... ज्याला मारल्यावर गोष्ट सुरू होते तो माणूस. एका तमिळ मालिकेत तो घरातला थोरला काका होता. सहा आठवड्यांत त्याला अपघातात मारलं, मालिका पुढे तीन वर्षं चालली, आणि तीन वर्षं त्याचा हार घातलेला फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर राहिला. घरातली सगळी भांडणं त्या फोटोखाली व्हायची. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब रोल, अक्का," तो सांगायचा, "आणि एकही दिवस सेटवर जावं लागलं नाही."

त्याची बायको शांता नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून ती रीडिंगला आली, तिच्यामागे हा आला आणि टपाल वाटायला लागला. पण चेन्नईहून किंवा कोचीहून एखादं युनिट शूटिंगला येतंय असं कळलं, की रजा टाकून हजर. कुठल्या गल्लीत गाड्या लावता येतात, कौन्सिलला कुठला फॉर्म भरायचा, कुठल्या चर्चचा हॉल मेकअपला मिळतो, हे सगळं बघायचा आणि त्याबदल्यात एखादा छोटा रोल मागायचा. आमचं बोलणं इंग्रजी, मोडकं हिंदी आणि एकमेकांच्या भाषांतले उसने शब्द यांत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. विचारलं तर म्हणाला, "वय बघून नाही, आवाज बघून म्हणतो."

मी या देशात आले तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं आणि गाडी चालवता येत नव्हती. नवरा एअरपोर्टवर सामान चढवायचा. ईलिंग रोडच्या मागे एका खोलीत मी विद्यार्थ्यांचे डबे सुरू केले. पुढे एका तमिळ युनिटचा आचारी व्हिसाअभावी आलाच नाही, चाळीस माणसं दोन दिवस सँडविच खाऊन वैतागली, आणि कोणीतरी माझा नंबर दिला. मी भात आणि सांबार घेऊन गेले. माझ्या मते उत्तम सांबार. पहिल्या पंगतीत कुजबुज झाली आणि दुसऱ्या पंगतीत त्यांचा प्रॉडक्शन मॅनेजर राजन ताट घेऊनच माझ्यासमोर आला. "मॅडम, हे काय आहे?" मी काही बोलायच्या आत मागून एक लांब हात आला, वाटीत बोट बुडलं, आणि कोणीतरी शांतपणे म्हणालं, "राजन सार, हे सांबार नाही. पण वाईटही नाही. यांच्यात याला काय म्हणतात ते विचारा."

"आमटी म्हणतात," मी तणतणले. "गूळ आणि गोडा मसाला घातलेली. तुमच्या जिभेला चव नसेल तर माझा काय दोष?"

"अक्का, उद्या गूळ नको," तो म्हणाला. "भांडण मात्र असंच गरम आणा."

तो मुरली. त्याने मला रसम शिकवलं, तमिळ युनिटला जेवणाच्या शेवटी दहीभात लागतोच हे सांगितलं, मल्याळी युनिटसाठी तांबडा जाड तांदूळ कुठे मिळतो ते दाखवलं. पुढच्या काही वर्षांत माझ्या तीन व्हॅन झाल्या. जेवणाबरोबर मी जागाही ठरवून द्यायला लागले, कारण जागा ठरवणं म्हणजे घासाघीस, आणि ती मला येते. इथल्या घरमालकांशी घासाघीस करायची ती वेळेची. किती वाजता येणार, किती वाजता जाणार. एकदा वेळ पाळली की तो माणूस तुम्हाला दुसऱ्यांदा दार उघडतो, नाही पाळली की त्या अख्ख्या रस्त्यावर तुम्हाला दार मिळत नाही. युनिटवाल्यांना हे कधी समजलं नाही. त्यांचं 'ओरु निमिषम', म्हणजे एक मिनिट, पंधरा मिनिटांचं असतं. मुरलीला समजायचं, कारण तो त्याच रस्त्यांवर टपाल वाटायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मँचेस्टरला एका गाण्याआधीचा प्रसंग होता. ट्रामच्या रुळांपलीकडच्या एका गल्लीत मुरलीला गोळी लागते आणि तो फुटपाथवर पडून मरतो. जानेवारीतली थंडी. मी सगळ्यांना वाफाळता चहा देत होते आणि हा माझ्याकडे येऊन म्हणतो, "अक्का, बर्फ आहे?" मला वाटलं, थट्टा करतोय. पण थंडीत मेलेल्या माणसाच्याही नाकातोंडातून वाफ येते आणि ती कॅमेऱ्यात दिसते. शॉटआधी तोंडात बर्फ धरला की वाफ येत नाही. चार खडे गालात धरून तो ओल्या फुटपाथवर जाऊन पडला. काय मेला! पोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती. नायिका त्याच्या छातीवर डोकं आपटून रडत होती आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शकाने ओके म्हटलं, पण मुरली उठला नाही. कोणी त्याला उठवलंही नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापर्यंत आणला, असिस्टंटने हाक दिली, आणि पडल्या जागी मुरलीने डोळे उघडले आणि कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो उठला.

मी विचारलं, हे काय खूळ? तो तोंडातला उरलेला बर्फ थुंकून म्हणाला, "कॅमेऱ्याने मला मेलेला बघितलं. आता जिवंत बघितलं. हिशेब मिटला. तिकडे सगळेच करतात, अक्का, मोठमोठे हिरोसुद्धा. पडल्या जागेवरून, त्याच मेकअपमध्ये, त्याच कॅमेऱ्यात. एकदा उठून बसलं की मग हसून उपयोग नाही." तो शॉट सिनेमात कुठे वापरतात, असं मी विचारलं. "कुठेच नाही," तो म्हणाला. त्यानंतर त्याला मरताना मी दहा-बारा वेळा तरी बघितलं असेल, आणि दरवेळी पुढचं हसणंही बघितलं. म्हणजे ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चार वर्षांपूर्वीचं ते रीडिंगचं शूटिंग मल्याळम सिनेमाचं होतं. नर्स मुलीकडे राहायला आलेला केरळातला बाप, आणि मुरलीला पहिल्यांदाच मरण्याआधी भरपूर बोलायला मिळालं होतं. टपाल वाटता वाटता तो संवाद पाठ करायचा. लोकांना वाटायचं, पोस्टमन फोनवर भांडतोय. घर त्यानेच शोधलं, त्याच्या रोजच्या वाटेवरचं. डोरोथी नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं. त्यांच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेत, आणि जिना चढवत नसल्यामुळे त्याचा पलंग खालच्या पुढच्या खोलीत होता. आम्हाला शूटिंगला तीच खोली हवी होती. डोरोथीबाई म्हणत होत्या, चारला खोली रिकामी करा. मी दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, चहा पिऊन, पाच करून घेतले. ठरलं असं, की तो हॉस्पिटलात असेल त्याच तीन दिवशी शूटिंग करायचं आणि पाच वाजता पलंग जागच्या जागी. शब्द माझा, आणि मुरलीचा चेहरा बघून दिलेला विश्वास.

पहिल्या दिवशी युनिटने दहा मिनिटं खाल्ली. दुसऱ्या दिवशी वीस. ती वीस मिनिटं डोरोथीबाईंचा नवरा दारासमोर हॉस्पिटलच्या गाडीत बसून राहिला, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन. मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. तो स्वतःच्या घराच्या खिडकीतल्या झगझगीत दिव्यांकडे बघत होता. याही युनिटचा मॅनेजर राजनच होता. त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, परवा पाच म्हणजे पाच, नाहीतर मी दिवे बंद करीन. तो हसला. बायका रागाने बोलतात तेव्हा हसणारी माणसं असतात, तशांपैकी तो.

तिसरा दिवस शेवटचा. दुसऱ्या सकाळी युनिट परत जाणार होतं. मुरली जमिनीवर सतरंजीवर पडलेला, हनुवटी फडक्याने बांधलेली, नाकात कापूस. पाचला दोन-तीन मिनिटं असताना मरणाचा शॉट ओके झाला आणि त्याच वेळी खिडकीतून मला हॉस्पिटलची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली. असिस्टंट म्हणाला, "ओरु निमिषम, अक्का, हसण्याचा शॉट." पण कॅमेरामन लेन्स बदलायला लागला, कोणीतरी ट्रॉली पुढे ओढायला लागलं. त्यांचं एक मिनिट कसं असतं ते मी वर लिहिलं आहे. "पाच वाजले," मी म्हटलं. राजन म्हणाला, "मॅडम, तुम्ही भाताचं बघा." मी भिंतीपाशी गेले आणि दिव्यांची मुख्य वायर ओढून काढली.

खोलीत अंधारून आलं. मुरली उठून बसला. त्याने हनुवटीचं फडकं सोडलं, नाकातला कापूस काढला, माझ्याकडे बघितलं. राजन ओरडत होता. तमिळमधली शिवी मला तोवर कळायला लागली होती, पण त्याने शिवी दिली नाही. अपशकुनी बाई म्हणाला. मी म्हटलं, घ्या ना तुमचा शॉट बाहेर रस्त्यावर. तो म्हणाला, उठलेल्या माणसाचा काय शॉट घ्यायचा. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यातल्या एकालाच खरं काय ते माहीत होतं, की घर कोणी कोणाच्या भरवशावर दिलं होतं. तो एक शब्द बोलला नाही. उठला आणि लाइटवाल्याबरोबर पलंगाची दुसरी बाजू उचलून तो जागेवर लावला. डोरोथीबाईंचा नवरा काठी टेकत आत आला, मुरलीचा तो राखेसारखा रंगवलेला चेहरा बघितला आणि म्हणाला, "आजचा दिवस वाईट गेलेला दिसतो, बाबा." मुरली म्हणाला, "थोडासा, सर." त्या म्हाताऱ्यासाठी मुरलीकडे दोन शब्द होते.

त्यानंतर एकाही दक्षिणी युनिटने मला बोलावलं नाही. वेम्बलीपासून मँचेस्टरपर्यंत गोष्ट पसरली, की या बाईने माणसाला मेलेल्या अवस्थेत ठेवलं. मी लग्नाच्या पंगती घेतल्या, ऑफिसांचे डबे घेतले, उपाशी राहिले नाही. पण माझा राग राजनवर कधीच नव्हता. राग मुरलीवर होता. त्याने एवढंच म्हणायचं होतं, 'अक्का बरोबर आहे.' तीन शब्द. त्याने ते म्हटले नाहीत, फोन केला नाही, आणि पुढे दोन युनिटांत राजनबरोबर काम केलं, दुसऱ्या कोणाच्या हातचं सांबार खाऊन. मी ठरवलं, आधी तो बोलेल. घासाघीशीत पहिला नियम असतो, जो आधी बोलतो तो हरतो.

तो आधी बोलला, हेही लिहिलं पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात ईलिंग रोडवर मी शेवग्याच्या शेंगा निवडत होते. शेजारून आवाज आला, "अक्का, सौख्यमा?" बरी आहेस ना, एवढंच. खूप वाळला होता. मी मान वर केली, त्याला बघितलं आणि पुन्हा शेंगांकडे वळले. एक-एक शेंग मोडून बघत राहिले. तो थांबला. मग दुकानदाराला म्हणाला, "यांना आतल्या पेटीतल्या द्या, त्या कोवळ्या आहेत," आणि गेला. दुकानदाराने आतल्या पेटीतल्या दिल्या. कोवळ्या होत्या.

अंत्यसंस्काराला मी गेले. टपाल वाटताना एका घराच्या पायऱ्यांवर बसला आणि तिथेच गेला, असं तिथे कळलं. हृदय. स्मशानगृहात अर्ध्या तासाची वेळ होती आणि एकाने बोलत राहून ती पाच मिनिटांनी लांबवली तेव्हा मी घड्याळ बघितलं नाही. मागच्या रांगेत बसले होते. पुढच्या दोघांतला एक मागे वळून बघून दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "हीच ती." हळू बोलला, पण तमिळ मला मुरलीने शिकवलेलं. नंतर हॉलमध्ये जेवण होतं. सांबारात हिंग जास्त झाला होता. मी दोन घास खाल्ले आणि शांताला न भेटता निघून आले.

मँचेस्टरहून माझ्या मुलीचा, मृणालचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी मोडकं, तिथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. लहानपणी मुरलीच्या मांडीवर बसून त्याला 'डेड अंकल' म्हणायची. "आई, तू त्याच्या बायकोशी बोलली का?" मी म्हटलं, काय बोलू? "हे तुझा चूक नाही, मला माहीत आहे. पण तू झोपत नाहीस, बाबा सांगत होते. जस्ट गो अँड आस्क हर." काय विचारू ते तिने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मला एकच जाणून घ्यायचं होतं. मुरली मला दोष देत गेला का? हार्ट अटॅक आणि राहून गेलेला शॉट यांचा संबंध नसतो, हे मला मृणालकडून ऐकायची गरज नव्हती. पण त्याला काय वाटत होतं?

तो जाऊन एकोणतीस दिवस झाले होते तेव्हा मी रीडिंगला गेले. शांताने दार उघडलं, 'चेची', म्हणजे ताई, म्हणत मला आत घेतलं आणि चहा टाकला. तिच्याशी मी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं हळुवार बोलायचं ठरवून गेले होते आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय निघालं, तर "त्याने चाळीस माणसांत माझी बाजू घेतली नाही, शांता."

"नाही घेतली," ती म्हणाली. "घरी येऊन घेतली. म्हणाला, अक्का बरोबर होती, शब्द माझा होता आणि तिने पाळला. मग म्हणाला, आणि मला भीती वाटते. मी म्हटलं, दोन्हींतलं एक काहीतरी खरं असेल. तो म्हणाला, दोन्ही खरं आहे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू काय म्हणाली असतीस, चेची? माझी चूक नाही, असंच ना? मग त्याला तुझ्याशी भांडावं लागलं असतं. तुझ्याशी कोणाला भांडता येतं?" ती हसली नाही, पण रागाने बोलली असंही नाही. "आणि राजनकडे तो पुन्हा गेला ते खरं आहे. त्याला कॅमेरा हवा होता. त्यासाठी तो कोणाच्याही हातचं जेवला असता."

तर हे माझं उत्तर. दोष दिला नाही, पण घाबरला. माझ्यामुळे घाबरला. मी कितीही बरोबर असले तरी. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की एकतर सुटल्यासारखं होईल किंवा मेल्यासारखं होईल. दोन्ही झालं नाही. चहा थंड झाला आणि मी तो प्याले.

मग शांताने फोन पुढे केला. त्या शूटिंगनंतर महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी दाराला कॅमेऱ्याची बेल बसवून घेतली होती, पार्सलं चोरीला जात म्हणून. "तेव्हापासून रोज," ती म्हणाली. रोज पहाटे कामाला निघताना मुरली दार ओढून घ्यायचा, बेलकडे वळायचा, तिच्यात बघून हसायचा आणि मग जायचा. कॅमेरा तो नाही, मेकअप नाही, पडल्या जागेवरून नाही. म्हणून एकदा हसून भागत नाही, रोज हसायला हवं, असा त्याचा हिशेब. चार वर्षं. पावसात, बर्फात, तापातसुद्धा. शांता आधी चिडवायची, मग तिला सवय झाली, आणि मग रात्रपाळीला असली की वॉर्डात चहाच्या सुट्टीत ती फोनवर ते बघायला लागली.

बेलचे व्हिडिओ महिनाभर राहतात आणि आपोआप पुसले जातात. तो गेल्यापासून रोज एक-एक पुसला जात होता. आता एकच उरला होता, शेवटच्या सकाळचा, आणि तो उद्या जाणार होता.

मी म्हटलं, ठेव तो. मृणालला सांगते, ती मिनिटात काढून देईल. शांता म्हणाली, नको. मी म्हटलं, तुझ्यासाठी नको तर माझ्यासाठी ठेव. नको. मुलांसाठी? नको. कोणाला दाखवणार नाही, नुसता असू दे. आयुष्यात मी इतक्या बाजूंनी घासाघीस कधी केली नसेल. शांता मान हलवत राहिली. "हसण्याचा शॉट ठेवत नाहीत, चेची," ती म्हणाली. "तो म्हणायचा, तो शॉट बघायचा नसतो, नुसता घ्यायचा असतो. मी बघितला हेच जास्त झालं." मग तिने घड्याळ बघितलं. दुपारची पाळी होती तिची. "ड्यूटीला जायच्या आधी एकदा बघू. तू आहेस म्हणून."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून बघितला. अजून उजाडलं नव्हतं. मुरली टपालवाल्याच्या जाकिटात, आणि खाली अर्धी चड्डी. थंडीतही इथले पोस्टमन घालतात तशी. त्याने दार ओढलं, कुलूप लागलं का बघितलं, बेलकडे वळला आणि हसला. चांगला हसला. मग फाटकापर्यंत गेला. फाटक उघडलं... आणि थांबला. परत आला. बाहीने कॅमेऱ्याची काच पुसली, एक पाऊल मागे सरकला, जाकिटाची कॉलर सारखी केली, आणि पुन्हा हसला. हे हसणं वेगळं होतं. डोळ्यांपर्यंत गेलेलं. मग मान डोलावली, स्वतःलाच ओके दिल्यासारखी, आणि गेला.

"पहिलंही चांगलं होतं," मी म्हटलं.

"त्याला सांगून उपयोग नसायचा," शांता कोट चढवत म्हणाली. "त्याला नेहमी आणखी एक मिनिट हवं असायचं."

तिने ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. ती बॅगेत ओळखपत्र शोधत होती. आम्ही दोघी बाहेर पडलो, तिने दार ओढलं, मला जवळ घेतलं आणि बसच्या दिशेने भराभर चालायला लागली. माझी व्हॅन दुसऱ्या बाजूला होती. दोन पावलं गेले आणि मागे वळले. बेलभोवती निळा गोल उजळला होता. कोणी समोर आलं की उजळतो तसा. मी तिथे उभी राहिले. किती वेळ, आणि कसा चेहरा करून, ते शांताच्या फोनमध्ये आहे. महिनाभर राहील.